अमेरिकेत एका राज्यातला वकील दुसऱ्या राज्यात गेला, तर बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा पुन्हा द्यावी लागते का?

हे कुठल्या राज्यात जाताय त्यावर ठरतं. आपल्याकडे एका राज्याच्या बार कौन्सिलची सनद देशभर चालते, त्यामुळे हे ऐकून नवल वाटतं. पण अमेरिकेत परवाना राज्यच देतं आणि तो त्या राज्यापुरताच चालतो.

बरीच राज्यं अनुभवी वकिलाला परीक्षेशिवाय अर्जावर प्रवेश देतात. न्यूयॉर्कमध्ये मागच्या ७ वर्षांपैकी ५ वर्षं वकिली झालेली लागते. शिवाय तुमचं मूळ राज्य न्यूयॉर्कच्या वकिलांना तशीच सवलत देत असेल, तरच हा मार्ग खुला. कॅलिफोर्नियाचा वकील इथेच अडतो, कारण त्याचं राज्य ती देत नाही.

नुकतेच वकील झाला असाल, तर युनिफॉर्म बार परीक्षेचे, म्हणजे बऱ्याच राज्यांत चालणाऱ्या सामायिक परीक्षेचे, गुण ती मानणाऱ्या दुसऱ्या राज्यात नेता येतात. न्यूयॉर्कला ४०० पैकी २६६ लागतात आणि गुण ३ वर्षांत वापरावे लागतात.

कॅलिफोर्नियात मात्र परीक्षा चुकत नाही. ४ वर्षं सनद चालू असेल, तर तिथे वकिलांसाठीची एका दिवसाची छोटी परीक्षा असते. फ्लोरिडात तेवढीही सूट नाही. चारित्र्य पडताळणी सगळीकडे होते. तिच्यात महिनोन्‌महिने जातात, म्हणून अर्ज नोकरी बदलायच्या आधीच करा, हे मी कळकळीने सांगेन.

एकाच खटल्यापुरतं जायचं असेल, तर स्थानिक वकिलाला सोबत घेऊन कोर्टाची तात्पुरती परवानगी मिळते.