व्हिएतनामला पहिल्यांदा जाताय? आधी एवढंच बघा

सात दिवसांत हनोई, हालाँग बे, दा नांग, होई आन आणि वर सायगाव? यादी झकास आहे, पण निम्मी सुट्टी विमानतळांवरच जाईल. हनोई ते हो ची मिन्ह सिटी (म्हणजेच सायगाव) रेल्वेनं १,७२६ किमी आहे, गाडीला ३० तासांहून जास्त लागतात. पहिल्या खेपेला एकच भाग धरा.

दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर तो भाग मध्य व्हिएतनाम नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धो धो पाऊस, होई आनच्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. उत्तरेत मात्र तेव्हा हवा छान असते. हनोई आणि हालाँग बे निवांत करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा. नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच.
- २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळ्या! टॅक्सीतून उतरताना शून्यं मोजा. मी घाईत एकदा फसलोय.
- शाकाहारी असाल तर 'मांस नको' म्हणून भागत नाही, फिश सॉस कशातही असतो. 'चाय' पाटीचं हॉटेल शोधा. चाय म्हणजे तिथे शाकाहारी, चहा नव्हे.

स्कूटर भाड्यानं घ्यायचं सध्या डोक्यात आणू नका. तारखा ठरल्या की कळवा, मग मुक्कामाचं बोलू.