कुणी पाहिलं तर?

मुंबईचा प्राइड मार्च, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मंडळींची अभिमानाची मिरवणूक, बहुतेक वेळा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघतो. त्याआधीच्या आठवड्यांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "जायचं तर आहे, पण कुणी पाहिलं तर?" विचारणारे बहुतेक विशी-तिशीतले. क्वचित पन्नाशीतलेही असतात, आणि ते जास्त हळू आवाजात विचारतात.

सागर हा त्यांतलाच एक. (नाव-गाव आणि इतर खुणा बदलल्या आहेत; लिहायला त्याची परवानगी आहे.) वय सव्वीस, मिरजेकडचा, ठाण्यात नोकरी. आपण गे आहोत हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं आणि त्याबद्दल मनात खळखळ नव्हती. भीती होती ती मामाची. मार्च ऑगस्ट क्रांती मैदानातून निघून नाना चौकाकडे जातो, आणि मामाचं दुकान त्याच भागात.

"मॅडम, मामानं पाहिलं की संध्याकाळच्या आत मिरजेला बातमी. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला तर आई जेवण सोडेल. मास्क लावून गेलो तर?"

मास्क नवा नाही. 16 ऑगस्ट 2008 ला मुंबईत मार्च निघाला, तेव्हा चेहरा झाकून चालणारे कितीतरी होते. कलम 377 लागू होतं, समलिंगी संबंध गुन्हा होता. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले. पोलिसांची भीती त्यानंतर बरीच ओसरली, पण कोर्टाचा निकाल मामाला बंधनकारक नसतो. मास्क जरूर लाव, मी म्हटलं. पण लहानपणापासून तुला अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस तुला चालीवरूनही ओळखेल. शिवाय रस्ता सार्वजनिक, पेपरवाले असतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. फोटो निघणारच नाही, अशी हमी मी कुणाला देत नाही.

मग त्याला वही उघडायला लावली. फोटो बाहेर पडलाच असं धरू. तो कुणाकुणापर्यंत पोचलेला तुला चालणार नाही? त्यानं लिहिलं: आई, ताई, मामा, ऑफिसातले साहेब, रूममेट. वडिलांचं नाव लिहिलं आणि खोडलं. नावापुढे एकच गोष्ट लिहायची होती: हा माणूस बिथरला तर माझं नेमकं काय अडेल? मामापुढे बराच वेळ पेन थांबलं आणि शेवटी 'बडबड' एवढंच उतरलं. आईपुढे 'रडेल'. रूममेटपाशी मात्र तो चपापला. फ्लॅटचा भाडेकरार रूममेटच्या नावावर होता, आणि हा गडी अशा विषयांवर काय बोलतो ते सागरनं रोज ऐकलेलं. म्हणजे भीती सगळी नाना चौकात आणि धोका ठाण्यात, शेजारच्या कॉटवर.

असं पुष्कळदा होतं. भीती मानाच्या माणसाभोवती घुटमळते; डोक्यावरचं छप्पर, पगार, फी यांच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून मी आधी तेच विचारते. काहींना ते रुक्ष वाटतं, वाटू दे. शिकणाऱ्या, घरच्यांच्या पैशांवर अवलंबून असलेल्या आणि घरात मारझोड होणाऱ्या मुलाला मी यंदा थांब असं स्पष्ट सांगते. प्राइडला न जाणारा भित्रा ठरत नाही. ती काही परीक्षा नव्हे.

सागरकडे पगार होता. वेळ आलीच तर महिनाभर राहता येईल असं मित्राचं घर त्यानं विचारून ठेवलं, डिपॉझिटपुरते पैसे बाजूला काढले. आणखी एक काळजी होती: वडील 'इलाज' करायला डॉक्टरकडे नेतील. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असा 'बदलण्याचा' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

राहिली ताई. तिला फोटोतून कळू नये, आपल्या तोंडून कळावं, असं त्यालाच वाटत होतं. फोनवर काय बोलायचं ते आम्ही दोनदा घोकलं. प्रत्यक्षात त्यानं पाठ केलेलं सगळं विसरून "ताई, मला मुलगे आवडतात" एवढंच म्हटलं. तिकडून आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग प्रश्न: "जेवतोस ना नीट?" दुसऱ्या दिवशी तिनं परत फोन केला. तेव्हा ती रडली, रागावली, आणि "आईला इतक्यात नको" असंही म्हणाली. दोन्ही फोन खरेच होते.

मार्चला तो मित्रांबरोबर गेला, मास्क न लावता. नाना चौक आला तसा रांगेतून बाहेर पडून फुटपाथवरून चालला, पुढे परत आत शिरला. "पळालो का मी?" असं त्यानं नंतर विचारलं. माझ्या मते नाही. कुठे किती दिसायचं ते त्यानं ठरवलं होतं, आणि तसंच केलं.

फोटो कुठेच आला नाही. रूममेटला अजून सांगितलेलं नाही, दुसरी खोली बघणं चालू आहे. वहीत वडिलांचं नाव खोडलेलंच आहे. ताईचं म्हणणं, गणपतीत सगळे घरी असतील तेव्हा सांगून टाकू. सागरला पाहुणे नसलेला दिवस हवाय. मी सागरच्या बाजूनं आहे.