शेतातल्या धुळीने कधी काही झालं नाही, मग महामार्गालगत राहायला आल्यावर मुलीला अ‍ॅलर्जी कशी झाली?

तुम्ही लिहिलंय, पारोळ्याकडच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या धूळ खाल्ली, कुणाला शिंक आली नाही. धुळ्यात महामार्गालगत घर घेतलं आणि दोन वर्षांत मुलीला शिंका, मग दम. धूळ तर सारखीच ना?

माझी आजीही म्हणायची, ‘धूय ती धूयच शे.’ पण तसं नाही. मी इथे धुळ्यातच जीवशास्त्र शिकवते आणि माझंही घर अशाच रस्त्याला लागून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खिडकीच्या गजावरून बोट फिरवून बघा. शेतातली धूळ चिमटीत करकरते, फुंकर मारली की उडते. गजावरची काजळी करकरत नाही. ती बोटाच्या रेषांत शिरते आणि साबणानेही लवकर निघत नाही.

करकरणारे कण मोठे, बहुतेक 10 मायक्रॉनच्या वरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते नाकातच अडकतात, शिंकरलं की बाहेर. 2.5 मायक्रॉनच्या आतले पार फुफ्फुसाच्या तळाशी जातात, आणि डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण तर 1 मायक्रॉनहूनही बारीक. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटतात, ट्रकांची रांग रात्रीही तुटत नाही.

आता पृष्ठभागाचा हिशेब करा. 10 मायक्रॉनचा एक कण फोडून 1 मायक्रॉनचे कण केले तर हजार होतात. वजन तेवढंच, पण पृष्ठभाग दहापट. त्या पृष्ठभागावर गाजर गवताच्या परागातली प्रथिनंही चिकटतात. शरीराच्या पहारेकरी पेशी काजळीने आधीच चिडलेल्या असतात. त्या भरात त्या सोबतचं साधं प्रथिनही शत्रूच्या यादीत टाकतात आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. अ‍ॅलर्जी म्हणतात ती हीच.

हे माणसांवर तपासलेलं आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात एका सागरी गोगलगायीचं प्रथिन लोकांच्या नाकात सोडलं. नुसत्या प्रथिनाने कुणातच आयजीई तयार झालं नाही. सोबत डिझेलची काजळी दिली तेव्हा 15 पैकी 9 जणांत झालं. म्हणजे काजळी असलेली अ‍ॅलर्जी वाढवते एवढंच नाही, नवीही लावू शकते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून रस्त्याकडची खिडकी लावली होती.

काजळीतल्या रसायनांचाही वाटा आहेच. पण उंदरांना प्रथिनासोबत साधे प्लास्टिकचे मणी टोचले तरी आयजीई वाढलं, आणि सारख्याच वजनात बारीक मण्यांनी जास्त. नुसता आकारही पुरतो तो असा.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही, एन95 मास्क लागतो. रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद ठेवा, मुलीची खाट मागच्या खोलीत न्या, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. गावी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवतात तेव्हा तिला तिकडे नेऊ नका. तो धूरही याच जातीचा.

दम लागतोय म्हणजे छातीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. अ‍ॅलर्जीच्या चाचणीत कुठलं प्रथिन सोसत नाही ते कळतं, काजळी त्यात दिसत नाही. म्हणून घर महामार्गापासून किती पावलांवर आहे हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा.