लेकीला असिस्टंट कोच व्हायचंय, पण आधी पदवीचा विषय बघू

पुण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"आमची मुलगी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर लहानाची मोठी झाली. आता अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज डिव्हिजन दोनमधलं, म्हणजे कॉलेज खेळांच्या दुसऱ्या गटातलं आहे. गोल्फ संघात असल्याने थोडी स्कॉलरशिप मिळते, बाकीचे पैसे आम्ही भरतो. आता म्हणते की प्रोफेशनल खेळायचं नाही, सॉफ्टवेअरची नोकरीही नको, कॉलेज संघाची असिस्टंट कोच व्हायचंय. 'निदान हेड कोच तरी म्हण,' असं तिचे बाबा म्हणाले, तर दोन दिवस फोन उचलला नाही. मार्चमधल्या एका स्पर्धेत तिला खेळणाऱ्या पाच जणींत घेतलं नव्हतं. त्या रात्री ही पहिल्या वर्षाच्या एका मुलीचे बंकरमधल्या (वाळूच्या खड्ड्यातल्या) शॉट्सचे व्हिडिओ बघत जागली! स्वतःचा खेळ सोडून हे काय चाललंय? आणि चार लोकांत काय सांगू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

ज्या गोष्टीची तुम्ही तक्रार केली आहे, ती ओळ मी तीनदा वाचली. बंकरचे व्हिडिओ. वगळल्याचं दुःख तिला झालंच असणार. तरीही त्या रात्री तिचं डोकं दुसरीच्या वाळूतल्या शॉटमध्ये अडकलं होतं. कोचचं काम ज्यांना जमतं त्यांच्यात ही खोड असतेच, आणि ती शिकवून येत नाही. म्हणून तिचा निर्णय मी लहर मानत नाही.

पण काळजी करण्यासारखी एक गोष्ट खरंच आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती म्हणजे पदवीचा विषय आणि व्हिसा. त्यावर येतेच. आधी हे काम काय असतं ते सांगते, म्हणजे चार लोकांत सांगायलाही सोपं जाईल.

अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फमध्ये स्पर्धेला साधारणपणे पाच खेळाडू उतरतात आणि दर फेरीला त्यांतले सर्वांत चांगले चार स्कोअर धरले जातात. कित्येक स्पर्धांत पहिल्याच दिवशी ३६ होल, म्हणजे दोन फेऱ्या असतात, बॅग पाठीवर घेऊन किंवा ढकलगाडीवर ठेवून. पाच मुली पाच वेगवेगळ्या होलवर पसरलेल्या असताना हेड कोच एकटी सगळीकडे पोचू शकत नाही. अशा वेळी असिस्टंट कोच लागते. प्रोफेशनल गोल्फमध्ये खेळ चालू असताना सल्ला द्यायला फक्त कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती असतो. कॉलेजमध्ये मात्र कोचला बोलता येतं. पाण्यावरून मारायचं की अलीकडे थांबायचं, वारा कुठला आहे, मागच्या होलवरची डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त) डोक्यातून कशी काढायची, हे सगळं ती तिथे उभं राहून बोलते. डिव्हिजन एकच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटी आठ संघ मॅच प्लेला, म्हणजे एकास एक लढतींना उरतात. तिथे पाच लढतींपैकी तीन जिंकाव्या लागतात. पुरुषांत ही पद्धत २००९ पासून आहे आणि महिलांत २०१५ पासून. अशा दिवशी एका मुलीच्या शेजारी योग्य वेळी कोण उभं होतं, याला फार किंमत असते.

उरलेल्या दिवसांचं काम कमी दिमाखाचं आहे. व्हॅन चालवायची, हॉटेलं आणि जेवणं बघायची, मुलींचा अभ्यास मागे पडत नाही ना यावर लक्ष ठेवायचं, सरावाच्या तासांची नोंद करायची. हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. हे नियम मोडले तर कॉलेज अडचणीत येतं, म्हणून हे कागद फार जपून ठेवावे लागतात. शिवाय नव्या खेळाडूंचा शोध. ज्युनिअर स्पर्धांत दिवस दिवस चालायचं, आणि मुलगी चेंडू किती लांब मारते यापेक्षा चेंडू झाडीत गेल्यावर ती कशी वागते हे बघायचं. तुमच्या लेकीलाही कुणीतरी असंच हेरलं असणार.

बाबांना एक उदाहरण जरूर सांगा. अ‍ॅन वॉकर मूळची स्कॉटलंडची. तुमच्या लेकीसारखीच परदेशातून कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकायला आणि खेळायला आली. तिथेच असिस्टंट झाली, मग डेव्हिस इथल्या विद्यापीठाची हेड कोच, आणि २०१२ मध्ये स्टॅनफर्डची. तिच्या हाताखाली स्टॅनफर्डने २०१५, २०२२ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असिस्टंटचं पद न भूषवता थेट हेड कोच होण्याचा आग्रह म्हणजे निवासी डॉक्टर न होता थेट विभागप्रमुख होण्यासारखं आहे. आणि डिव्हिजन दोन म्हणजे दुय्यम असंही मनात नको. आपला जीव मिल्खा सिंग टेक्सासमधल्या अ‍ॅबिलिन ख्रिश्चन विद्यापीठातून खेळला, आणि १९९३ मध्ये डिव्हिजन दोनचाच वैयक्तिक विजेता होता.

आता अडचणीची गोष्ट. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना पदवीनंतर बारा महिने काम करायची परवानगी मिळते, तिला तिथे ओपीटी म्हणतात. पण काम पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं असावं लागतं. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना ती परवानगी आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते, आणि बाबांनी हा विषय निवडायला लावला असेल तर त्यामागे हेच कारण असणार. पण ती तीन वर्षं संगणकाच्या कामासाठी आहेत. त्या परवान्यावर गोल्फ संघाची व्हॅन चालवता येणार नाही. अनेक हुशार मुलं हे शेवटच्या सेमिस्टरला वाचतात आणि मग रडतात.

म्हणून तिने विषय बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या वर्षात बदलला तर खर्चाचं आणखी एक वर्ष तुमच्या डोक्यावर येईल. तिने कॉम्प्युटर सायन्स पूर्ण करावं आणि त्यानंतर स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा कोचिंगशी संबंधित विषयात मास्टर्स करावं, तेही ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. अनेक कॉलेजांत, विशेषतः लहान कॉलेजांत, मास्टर्स करता करता संघाचं काम करणारी अशी जागा असते. बदल्यात फी पूर्ण किंवा अंशतः माफ होते आणि थोडा भत्ता मिळतो. कॅम्पसवरचं काम म्हणून विद्यार्थी व्हिसावर ते चालतं, शिक्षण चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. मास्टर्स ही वरची पदवी असल्यामुळे पुढे पुन्हा बारा महिन्यांची परवानगी मिळू शकते, आणि या वेळी विषय कामाला जुळलेला असेल. फक्त पहिली ओपीटी घ्यायची की थेट मास्टर्सला जायचं, हे तिने आधीच ठरवावं.

त्यापुढचा रस्ता अरुंद आहे, तो मी गुळगुळीत करून सांगणार नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांच्या अर्जांना लॉटरीतून जावं लागत नाही, हा मोठाच फायदा. पण या जागेसाठी ठरावीक विषयाचीच पदवी लागते हे कॉलेजला सिद्ध करावं लागतं, आणि कोचच्या जागेबाबत ते सोपं नसतं. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. एका लहान कॉलेजाचा क्रीडा विभाग एवढी रक्कम कुठून आणणार? म्हणून घरी परतून मग नोकरी शोधू, असा बेत तिने करू नये. नियम बदलत असतात, त्यामुळे तिने कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन प्रत्येक गोष्ट लेखी विचारून घ्यावी. मैत्रिणींच्या अनुभवावर विसंबू नये.

पगाराचं थोडक्यात. सॉफ्टवेअरच्या मानाने तो कमीच राहणार, आणि लहान कॉलेजांत तर सुरुवातीला खूपच कमी. मोठ्या विद्यापीठांत बरा असतो, पण तिथल्या जागा मोजक्या आहेत. एक बदल चांगला झाला: डिव्हिजन एकमध्ये बिनपगारी स्वयंसेवक कोच ठेवायची पद्धत २०२३ मध्ये बंद झाली. तुम्ही कर्ज काढलेलं असेल तर हप्त्याचा आकडा तिच्यासमोर ठेवा. लपवू नका. ती मोठी झाली आहे.

तिच्या संगणकाचा उपयोग नाही असं मात्र समजू नका. आज संघाकडे चेंडूचा वेग आणि उड्डाण मोजणारी ट्रॅकमॅनसारखी यंत्रं असतात, प्रत्येक फटक्याची आकडेवारी साठते. कोणती मुलगी शंभर यार्डांच्या आत फटके गमावते आणि कोणती पुटिंगमध्ये (होलजवळच्या हलक्या फटक्यांत), हे आकड्यांतून काढून सरावाचा आराखडा बनवणारी असिस्टंट हेड कोचला हवीच असते. तिने स्वतःच्या संघाची या हंगामाची अशी एक वही तयार करावी आणि कोचला दाखवावी. अर्जासोबत जोडायला याहून चांगलं काही नाही.

आणि परत यावं लागलंच तर? कॉलेज संघाच्या पगारी गोल्फ कोचची अशी नोकरी आपल्याकडे रुळलेली नाही. पण नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे कोचसाठीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत, आणि अमेरिकन कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींना तिथली व्यवस्था आतून पाहिलेली कोच मिळणं दुर्मीळ आहे. ते कामही मानाचं आहे. चार लोकांना हेच सांगा: मुलगी कोच होतेय.

पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा व्हिसाचा विषय लगेच काढू नका. बंकरमध्ये अडकणाऱ्या त्या पहिल्या वर्षाच्या मुलीचं पुढे काय झालं, एवढंच विचारा. बाबांनाही शेजारी बसवा. ती किती वेळ बोलते ते बघा, आणि मला कळवा.