चीनला शिकवायला येतेयस ना, मग आधी व्हिसाचं बघ

तू लिहिलंयस की ताई, मी एमएस्सी फिजिक्स, लातूरला ज्युनियर कॉलेजवर दोन वर्षं शिकवतेय, एक एजंट म्हणतो हेबेई प्रांतातल्या एका शहरात बालवाडीला इंग्लिश शिकवायचा जॉब आहे, आत्ता बिझनेस व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतील, जाऊ का. आणि शेवटी हळूच विचारलंयस की मी व्हेज आहे आणि एकटीने राहणं सेफ आहे का.

तर सरळ सांगते, अशी येऊ नको. चीनला ये, खुशाल ये, पण या जॉबवर नको. इथे इंग्लिश शिकवायचा परवाना साधारण ज्यांची मातृभाषा इंग्लिश धरली जाते अशा देशांच्या पासपोर्टवर मिळतो, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, साउथ आफ्रिका. आपलं इंग्लिश कितीही फाडफाड असू दे, पासपोर्टवर सिंह आहेत ना, संपलं. मग एजंट काय करतो तर बिझनेस नाहीतर टुरिस्ट व्हिसावर माणूस आणतो, 'नंतर कन्व्हर्ट होतो' म्हणतो, आणि ते होत नाही. विनापरवाना काम करताना सापडलीस तर ५ ते २० हजार युआन दंड, प्रकरण जास्त असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि वर देशाबाहेर काढतात ते वेगळंच. एजंटला काही होत नाही, तो पुढचं गिऱ्हाईक बघतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशीच आली होती, चार महिने तपासणीला कुणी आलं की मागच्या दाराने बाहेर जायची, शेवटचा पगारही बुडाला, तक्रार कुठे करणार, स्वतःच बेकायदेशीर.

तुझ्याकडे फिजिक्स आहे बाई, ते वापर! मोठ्या शाळांना 'इंटरनॅशनल डिपार्टमेंट' असतं, तिथली पोरं गाओकाओ म्हणजे इथली बारावीनंतरची प्रवेश परीक्षा देत नाहीत, केंब्रिजचं ए लेव्हल करून बाहेर जातात, आणि त्यांना इंग्लिशमधून फिजिक्स-मॅथ्स शिकवणारी माणसं लागतात. विषयाच्या शिक्षकाला ती पासपोर्टची अट नाही, विषयातली डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि दोन्ही तुझ्याकडे आहे. मी अशीच आले, कोल्हापूरहून, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. जॉब शोधायला वेळ लागेल, दहा ठिकाणी इंडियन म्हटल्यावर उत्तरच येणार नाही, ते मनाला लावून घेऊ नको. यातही एक चाळणी लाव, शाळा परवान्याचं पत्र भारतात असतानाच पाठवते का. ते आलं की त्यावर मुंबईतून झेड व्हिसा, म्हणजे कामाचा व्हिसा, इथे उतरल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत नोंद, आणि ३० दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. हाच रस्ता आहे, दुसरा शॉर्टकट सांगणारा खोटं बोलतोय असं समज.

कागदांना आत्तापासून लाग. माझ्या वेळी डिग्रीवर आधी राज्याच्या एचआरडीचा शिक्का, मग एमईए म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात, असं तीन ठिकाणी फिरावं लागलं, पोलीस क्लिअरन्सचं तसंच, दोन-अडीच महिने गेले. अनुभवाच्या पत्रावर तारखा आणि विषय स्पष्ट लिहून घे, आमच्या प्राचार्यांनी नुसतं 'समाधानकारक सेवा' लिहून दिलं होतं, परत जावं लागलं. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघ, नोकरी सोडताना काय. इथे शाळा बदलायची तर जुन्या शाळेने सोडल्याचं पत्र द्यावं लागतं आणि जुना परवाना रद्द करून द्यावा लागतो. माझ्या पहिल्या शाळेने ते पत्र दीड महिना दाबून ठेवलं, परमिटची मुदत संपत आलेली, रात्री झोप लागेना. नाव नाही सांगत, पण तेव्हापासून आधीच्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलल्याशिवाय मी कुठे सही करत नाही.

शहराचं म्हणशील तर मी शिजियाझुआंगला आहे, हेबेईची राजधानी, बीजिंगहून फास्ट ट्रेनने सव्वा तास. नाव कुणी ऐकलेलं नसतं पण वस्ती कोटीच्या वर, मेट्रो २०१७ पासून आहे. परदेशी माणूस मात्र दिवसेंदिवस दिसत नाही. लोक बघतात, लहान पोरं बोट दाखवून 'वायग्वोरन' म्हणजे परदेशी असं ओरडतात, आज्या हाताला हात लावून रंग बघतात, सुरुवातीला राग येतो मग सवय होते. रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे प्रश्न ठरलेले, तुमच्याकडे जात म्हणजे काय, हाताने जेवता का, आमिर खानला भेटलीस का. इंटरनेटवर आपल्याबद्दल घाण बोलणारे आहेत, २०२० च्या गलवाननंतर तर फार, पण तोंडावर मला फक्त दोनदा ऐकावं लागलं. घरमालकांचं वेगळं, इंडियन आहे कळल्यावर घर भाड्याने गेलं म्हणून सांगतात. म्हणून पहिलं वर्ष शाळेचंच क्वार्टर घे.

आणि एक इथलंच सांगते. पहिल्याच आठवड्यात एका साठीच्या टॅक्सीवाल्याने विचारलं कुठली, मी म्हटलं इंदू, म्हणजे भारत, तर तो म्हणाला 'के दीह्वा!' मला कळेना. म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस गं, सोलापूरचे, तुझ्या लातूरपासून फार लांब नाही! १९३८ ला जपानशी युद्ध चालू असताना मदतीला पाच भारतीय डॉक्टर आले त्यातले एक, ९ डिसेंबर १९४२ ला याच हेबेईत गेले, वय अवघं ३२. त्यांची कबर याच शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांचीही तिथेच, आणि कोटणिसांच्या नावाने एक मेडिकल स्कूलसुद्धा आहे. एप्रिलमध्ये छिंगमिंग असतो, आपल्या पितृपक्षासारखं, तेव्हा लोक फुलं घेऊन येतात. मी गेले तेव्हा एका शाळेच्या बाईंनी मला पुढे ढकललं आणि पोरांना सांगितलं या त्यांच्या गावाकडच्या. कोल्हापूर-सोलापूर काय फरक पडतो तिथून, मी काही दुरुस्त केलं नाही.

शिकवण्याचं सांगते कारण धक्का तिथे बसतो. पोरं सूत्रं मुखोद्गत, गणित इतकं पक्कं की तू फळ्यावर आकडा लिहीपर्यंत उत्तर तयार, पण 'हे का होतं दोन वाक्यांत लिहा' म्हटलं की पेपर कोरा. फिजिक्स येतं, इंग्लिश येत नाही, आणि प्रश्न विचारणं म्हणजे सरांचा अपमान असं लहानपणापासून डोक्यात. 'समजलं का' विचारू नको, सगळे मान हलवतात. मी आता धड्याआधी दहा शब्द फळ्यावर लिहिते, उच्चार करून घेते, मग प्रयोग, मग एकेकाला उभं करून बोलायला लावते. दिवस सकाळी सातला सुरू होतो, रात्री साडेनऊ-दहापर्यंत त्यांचा सेल्फ स्टडी, म्हणून दुपारी जेवणानंतर अख्खा वर्ग बाकावर डोकं ठेवून झोपतो, शिक्षकसुद्धा! तेव्हा स्टाफरूममध्ये मोबाईल वाजला तर खैर नाही. वर्गशिक्षकाला पहिल्या दिवसापासून धरून ठेव, पोराचं घरचं, आईबाप, मार्क, सगळं त्यांच्या हातात असतं. सूचना वीचॅटच्या ग्रुपवर रात्री दहाला येते की उद्या सकाळी आठला मीटिंग, आणि मोठी सुट्टी मिळाली की तिची भरपाई रविवारी शाळा भरवून. याच्यावर चिडून उपयोग नाही, मी दोन वर्षं चिडले.

पगार मला सुरुवातीला महिना १८ हजार युआन आणि राहायची सोय, म्हणजे एका युआनला १२ रुपये धरले तर दोन लाखांच्या वर, टॅक्स कापून थोडा कमी. घरी पैसे पाठवायला बँकेत टॅक्स भरल्याचा दाखला आणि कॉन्ट्रॅक्ट लागतं, ते परवाना असेल तरच मिळतं, म्हणजे फिरून मुद्दा तोच.

आता जेवण. मांस नको म्हटलं की वरचे तुकडे काढून देतात, पण रस्सा हाडांचाच असतो, आणि भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. तू कडक असशील तर स्वतः करून खाणं एवढाच उपाय, आणि ते जमतं. हेबेई गव्हाचा मुलूख, पोळीसारखे बिंग मिळतात, सकाळी राळ्याची पेज मिळते, राळ्याला श्याओमी म्हणतात (हो, मोबाईल कंपनीचं नाव म्हणजे राळेच). मूग, जिरं, कोथिंबीर, आलं-लसूण बाजारात, हळद आणि गरम मसाला ताओबाओवर, म्हणजे इथल्या ऑनलाइन बाजारात, तूरडाळीचे हाल. मिरच्यांबरोबर हुआच्याओ म्हणून काळपट लाल दाणे घालतात, आपल्या तिरफळाच्या कुळातलेच, जीभ बधिर होते, मला वाटलं ॲलर्जी झाली.

सेफ आहे का, तर हो, रात्री उशिरा मी एकटी मेट्रोने येते, भीती वाटत नाही. त्रास असतो तो एकटेपणाचा. व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब काही चालत नाही, व्हीपीएन, म्हणजे बंद साइट उघडणारं ॲप, तिकडूनच टाकून आण, आणि आईबाबांना वीचॅट शिकवून निघ कारण व्हीपीएन ऐनवेळी दगा देतं. २०२१ च्या जानेवारीत कोविडमुळे अख्खं शहर बंद केलं, भाजी गेटवर यायची, आणि थेट विमानं नाहीत, व्हिसा बंद, मी २०२३ पर्यंत घरी जाऊ शकले नाही, आजी त्यात गेली. आता २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानं परत सुरू झालीत, तरी पासबुकात तिकिटाचे पैसे कायम बाजूला ठेव.

थंडीत शून्याखाली जातं, पण खोलीत सरकारी हीटिंग १५ नोव्हेंबरला सुरू होतं, त्याच्या आधीचे पंधरा दिवस हाडं गोठतात, थर्मल तिकडून आणू नको, इथे स्वस्त आहेत. पोहे आण, गोडा मसाला आण, आणि प्रेशर कुकर आणणार असशील तर खालून सपाट, इंडक्शनवर चालणारा बघून घे आणि रबराच्या दोन रिंगा जास्तीच्या घे, माझी एक गेली तर तीन महिने वरण पातेल्यातच शिजवत होते.