जुन्या चर्चमध्ये अपंग, वृद्ध आणि गरजू लोकांना सहज येता यावं म्हणून थोड्या पैशांत काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय, चर्च जुनं आहे, दाराशी तीन उंच पायऱ्या आहेत, फंड बेताचा आहे आणि कमिटीतले काही जण म्हणतात, "चार पोरं उचलून आत नेतील की!" मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातला, आमच्या चर्चच्या इमारतीचं काम मीच बघतो. पोरांच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे दिवाळी झाली की कितीतरी घरांतली तरणी माणसं गुजरातकडे ऊसतोडीला जातात, मागे म्हातारे आणि लेकरं उरतात. फाटकापासून बाकापर्यंत आणि संडासापर्यंत माणसाला कुणाचा हात न मागता जाता आलं पाहिजे, असंच धरून चाला.

रॅम्प म्हटला की गवंडी मोटारसायकल चढवायचा उतार करून देतो. त्यावर व्हीलचेअर एकट्याला चढवता येत नाही, उतरताना तर जीव मुठीत धरावा लागतो. प्रमाण 1:12 चं धरा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या पायऱ्या मिळून दीड फूट भरत असतील तर अठरा फूट. समोर जागा नसेल तर भिंतीच्या कडेने वळवून घ्या. वर दारापुढे पाच बाय पाच फूट सपाट जागा सोडा, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे सरकते. टाइल नको, ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा मारल्या की पावसात पाय घसरत नाही. दोन्ही बाजूंना कठडा हवाच. पण मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात स्टीलचा पाइप हाताला धरवत नाही. आम्ही वर पत्रा टाकला आणि पाइपला काथ्याचा दोर गुंडाळला.

चपलांचा ढीग रॅम्पच्या तोंडाशी पडू देऊ नका, त्याला वेगळी जागा ठेवा.

आत एक बाक अर्धा कापा, म्हणजे व्हीलचेअरवालाही घरच्या माणसांशेजारी बसेल. सतरंजीवर बसायची पद्धत असेल तर कडेला खुर्च्या हव्यातच. आमच्याकडे एक आजी कित्येक रविवार बाहेरच्या ओट्यावर, खिडकीखाली बसून उपदेश ऐकायच्या. सगळ्यांना वाटायचं, त्यांना वाऱ्याला बसायला आवडतं. खरं म्हणजे खाली बसल्या की उठवत नव्हतं, आणि सगळ्यांसमोर कुणी ओढून उठवावं हे त्यांना नको होतं. प्रभुभोजनही (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) अशांच्या जागेवर नेऊन द्या.

पैसे कमी पडले तर रंगरंगोटी पुढे ढकला, संडासाचं काम मात्र ढकलू नका. दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं, उंबरा नसलेलं. आत कमोड आणि धरायला दांडी.

आणि आठवडाभर कुलूप का? उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार हॉल उघडा ठेवा, पंखे आणि पाण्याचे माठ ठेवा. बाजाराला आलेली बाई, दवाखान्यात आलेल्यांचे नातेवाईक, कुणीही टेकेल. त्यांना जात-धर्म विचारू नका, पत्रकंही हातात देऊ नका. याच हॉलमध्ये यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचे, फॉर्म भरून देता येतात. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच, पण आपल्याला हे कार्ड मिळू शकतं हे अनेकांच्या गावीही नसतं.