सुभेदारसाहेबांनी कॅनडातल्या लीजनमध्ये जावे का?

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यातले. सध्या पत्नीसह मुलाकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला राहतो. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ तिकडच्या सैन्यात होते. रॉयल कॅनेडियन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेत मी यावे, असा त्यांचा आग्रह आहे. मलाही जावेसे वाटते. परंतु पलटणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे लिहिताच ‘साहेबांनी पलटण बदलली’ अशी थट्टा झाली. मुलगा म्हणतो, पेन्शनला काही अडचण आली तर? पत्नीला तिथल्या बारची धास्ती आहे, कारण मी माळकरी आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. त्यांची पदके लावून अकरा नोव्हेंबरच्या, म्हणजे इथल्या सैनिक स्मृतिदिनाच्या, संचलनाला जावे असे मनात होते. पण तिथे मला कोण ओळखणार? इथे मी फक्त नातवाला शाळेच्या बसवर सोडणारा आजोबा आहे.

आदरणीय सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला ज्या गोष्टींची काळजी वाटते त्यांतल्या बऱ्याचशा एका फोनने मिटतील. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत जे उतरले आहे ते मात्र तसे मिटणारे नाही, म्हणून त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे.

पहिल्यांदा पेन्शनचे. लीजन ही कॅनडाची फौज नव्हे आणि तिथले सरकारी खातेही नव्हे. सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी ती संस्था आहे. तिथे वर्गणी भरणे म्हणजे परक्या सरकारची नोकरी पत्करणे नव्हे, हे चिरंजीवांना सांगावे. तुमचे पेन्शन अडू शकते ते वेगळ्याच कारणाने, म्हणजे वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहून गेला तर. तो संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत वेळेवर नोंदवला जातो आहे ना, एवढे पाहावे. मोबाइलवरून जमत नसेल तर टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात चौकशी करावी. उलट बाजूही ध्यानात असू द्या. लीजनचे सभासद झालात म्हणून कॅनडा सरकारचा कोणताही भत्ता तुम्हाला लागू होणार नाही, आणि ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड परदेशातल्या दवाखान्यात चालत नाही.

‘पलटण बदलली’ ही थट्टा तुम्हाला लागली आहे, असे पत्रावरून दिसते. थट्टा करणाऱ्यांना इतिहासाची थोडी आठवण करून देण्यास हरकत नाही. लीजनची स्थापना १९२५ साली विनिपेग येथे झाली ती ब्रिटिश साम्राज्यभरच्या माजी सैनिकांच्या संघाची कॅनडातील शाखा म्हणून. त्याच संघाचे आजचे रूप म्हणजे राष्ट्रकुलातील माजी सैनिकांची लीग, आणि आपली इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीगही तिच्याशी संलग्न आहे. म्हणजे ज्या घरात तुम्हाला बोलावणे आले आहे ते चुलत भावकीतले आहे. त्यामुळेच राष्ट्रकुलातील देशाच्या सैन्यात सन्मानाने सेवा केलेल्या व्यक्तीला लीजनमध्ये ‘ऑर्डिनरी’ वर्गाचे, अर्थात मूळ सैनिकी वर्गाचे, सभासदत्व मागता येते. कोणी उपकार म्हणून तुम्हाला आत घेत आहे, असे समजू नये.

आजोबांची गोष्ट तर याहून जवळची आहे. ते कोणत्या पलटणीत होते हे तुम्ही कळवलेले नाही, पण पाचव्या मराठाची (तुमच्याच रेजिमेंटचे तेव्हाचे नाव) पहिली पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. मे १९४४ मध्ये इटलीतील कॅसिनो या गावाच्या दक्षिणेला या डिव्हिजनने गारी नदी ओलांडली, तेव्हा तिच्या पाठीशी जे रणगाडे होते ते कॅनडाच्या पहिल्या आर्मर्ड ब्रिगेडचे होते. नदीवर टाकण्याचा पूल रणगाड्यांच्या आधाराने पुढे नेऊन बसवण्याची युक्तीही एका कॅनेडियन अधिकाऱ्याची होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पहिल्या पलटणीचे. ब्रॅम्प्टनच्या त्या दालनात भिंतीवरच्या तसबिरींत एखादा इटलीत लढलेला माणूस असेल, तर त्याच्यासमोर तुम्हाला पाहुण्यासारखे उभे राहण्याचे कारण नाही.

मात्र आजोबांची पदके छातीवर लावू नका. ब्रिटनमध्ये घरच्या माणसाची पदके उजव्या बाजूला लावण्याचा रिवाज आहे आणि तुम्ही तो कुठे तरी पाहिला असावा. कॅनडात तसे चालत नाही. दुसऱ्याला मिळालेली पदके, मग तो सख्खा आजोबा का असेना, स्वतःच्या अंगावर लावणे तिथल्या फौजदारी कायद्याच्या विरोधात आहे. त्यांची पदके चौकटीत बसवून शाखेत दाखवायला घेऊन जा, लोक आदराने पाहतील. तुमची स्वतःची पदके डाव्या बाजूला लावावीत.

एक बारीक गोष्ट टोपीची. लीजनच्या दालनात शिरताना डोक्यावरचे काढण्याची प्रथा आहे. ती हुतात्म्यांच्या सन्मानासाठी आहे आणि विसरणाऱ्याने सर्वांना एक फेरी पाजायची, असा गमतीचा दंडही बऱ्याच ठिकाणी चालतो. या प्रथेपायी १९९३ साली ब्रिटिश कोलंबियातील सरे येथे स्मृतिदिनाच्या कार्यक्रमानंतर पगडीधारी शीख माजी सैनिकांना एका शाखेत प्रवेश नाकारला गेला आणि देशभर वाद झाला. ज्यांनी त्याच राष्ट्रकुलासाठी लढाई केली त्यांच्यावर ही वेळ आली, हे लाजिरवाणे होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आता धार्मिक शिरोभूषणाला सूट असते. तुम्ही गावाकडची पांढरी टोपी घालून जाणार असाल तर ती धर्माची म्हणता येणार नाही, तेव्हा दारात काढून हातात घ्यावी, हे बरे. तरीही शेजाऱ्यांना आधी विचारा की त्यांच्या शाखेत आपल्याकडचे, विशेषतः पंजाबी, माजी सैनिक किती येतात. ब्रॅम्प्टनमध्ये त्यांची वस्ती मोठी आहे. त्यांचे उत्तर कसे येते, त्यावरून शाखेचा कल तुम्हाला कळेल, आणि तो पटला नाही तर दुसरी शाखा शोधावी.

आता वहिनींची धास्ती. बार असतो हे खरे. पण ज्याने फौजेत राहून रमला हात लावला नाही किंवा लावून सोडला, त्याला तिथे कॉफीचा पेला हातात धरून बसणे अवघड जाऊ नये. मला शंका आहे ती वेगळी : वहिनींना बारची जेवढी भीती आहे त्याहून जास्त तुमच्या शनिवारच्या दुपारी आपण घरात एकट्या उरण्याची असावी. तुम्ही निदान पलटणीच्या गटावर बोलता. त्यांचे सातारचे शेजारपाजार, भिशी, हरिपाठ सगळेच सुटले आहे. लीजनमध्ये जोडीदारालाही वेगळ्या वर्गाचे सभासदत्व मिळते. त्यांना ते हवे की नको हे त्यांनाच विचारा, आणि नको म्हणाल्या तर त्यांच्या हक्काची एक दुपार तुम्ही नातवाला सांभाळून मोकळी करून द्या.

आणि आता ‘तिथे मला कोण ओळखणार’ याविषयी. कंपनीत सुभेदार म्हणजे काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जवानाच्या सुट्टीपासून लंगरातल्या डाळीपर्यंत सगळे ज्याच्या नजरेखालून जाते, ज्याला तरुण कप्तानही ‘साहेब’ म्हणून हाक मारतो, अशा माणसाला परदेशात गेल्यावर बसथांब्यावरचा आजोबा होणे जड जाते. लीजनमध्ये गेल्यावर हे दुःख आपोआप हलके होईल असे समजून जाल तर निराश व्हाल. तिथे तुम्हाला पहिल्या दिवशी कोणी सॅल्यूट करणार नाही. बहुधा खुर्च्या लावायला सांगतील, आणि नोव्हेंबरच्या तोंडावर दुकानाच्या दारात थंडीत हुतात्म्यांच्या आठवणीसाठी लावायच्या लाल पॉपीच्या फुलांचे तबक आणि देणगीचा डबा घेऊन उभे करतील. हे काम कमीपणाचे वाटत असेल तर अजून वर्षभर थांबा. पण तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्हाला हुद्द्यापेक्षा कामाची, वेळेवर हजर होण्याची आणि कोणी तरी आपली वाट पाहत असण्याची उणीव भासते आहे, असे मला वाटते. आणि ते सगळे त्या तबकामागे आहे.

गावाकडचा धागा सोडू नका. तिथल्या माजी सैनिक संघटनेची वर्गणी चालू ठेवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमचा सध्याचा पत्ता कळवा आणि ४ फेब्रुवारीला, मराठा दिनी, गटावर पहिला संदेश तुमचा असू द्या. वर्षाच्या आत थट्टा करणारेच तुम्हाला ‘साहेब, आमच्या पोराला तिकडे यायचे आहे’ असे विचारू लागतील, तयारी ठेवा.

अर्जासोबत सेवेचा पुरावा लागेल. डिस्चार्ज बुक गावी कपाटात असेल तर पुतण्याकडून त्याची नीट प्रत मागवून घ्या. हुद्द्याच्या रकान्यात ‘सुभेदार’ असेच लिहा. कॅनडाच्या सैन्यात जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) हा प्रकारच नाही, त्यामुळे कोणी सोयीसाठी वॉरंट ऑफिसर लिहायला सुचवील. ते मान्य करू नका. सुभेदार म्हणजे राष्ट्रपतींच्या सहीचे कमिशन मिळालेला अधिकारी, एवढे एक वाक्य इंग्रजीत चिरंजीवांकडून लिहवून अर्जाला जोडा.